सर्दी-पडसे आणि वावडे : घरी काय करावे, काय टाळावे

पावसाळा सुरू झाला की घराघरांतून शिंका ऐकू येऊ लागतात. दिवाळीच्या साफसफाईत त्या वाढतात आणि माघ-फाल्गुनात झाडाझुडपांना फुलोरा आला की पुन्हा नव्याने सुरू होतात. सर्दीला आपण आजारांत मोजत नाही. "नुसती सर्दीच तर आहे," असे म्हणून कोणी ती महिनोन्‌महिने अंगावर काढतो, तर कोणी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठून सुई टोचून घेतो. ही दोन्ही टोके सारखीच घातक आहेत. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबात एका माणसाचा खाडा, दवाखान्याची फी, चार रंगांच्या गोळ्या आणि बाटलीभर सिरप यांचा वर्षाचा हिशेब मांडला, तर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून सहज निघेल. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयावर चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

सर्वप्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्याला आपण सरसकट "सर्दी" म्हणतो, ते प्रत्यक्षात दोन वेगवेगळे विकार आहेत. एक संसर्गाने होणारे पडसे आणि दुसरे वावड्याने, म्हणजेच अ‍ॅलर्जीने वाहणारे नाक. पहिले आपोआप बरे होते. दुसरे त्याचे कारण दूर केल्याशिवाय आटोक्यात येत नाही. हा फरक कळला की निम्मे काम झाले.

पडसे कशाने होते?

पडसे विषाणूंमुळे होते. असे दोनशेहून अधिक विषाणू आज माहीत आहेत. एका विषाणूशी शरीराने झुंज दिली तरी दुसरा नवखाच असतो. म्हणूनच मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा आणि लहान मुलाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे यात विशेष काही नाही. मूल अशक्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

गारठ्याने सर्दी होते ही समजूत फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी या गावी १९४६ साली केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र उघडण्यात आले आणि ते चार दशकांहून अधिक काळ चालले. तेथे स्वयंसेवकांना अंघोळीनंतर ओल्या अंगाने थंड वाऱ्यात उभे करून पाहिले गेले. नुसत्या गारठ्यामुळे त्यांना अधिक सर्दी झाल्याचे आढळले नाही. मुळात विषाणू असावा लागतो. पावसाळ्यात व थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत दाटीवाटीने बसतो आणि विषाणूचे फावते. तो शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांवाटे पसरतो. एकाच पदराने किंवा एकाच रुमालाने घरातील सर्व मुलांची नाके पुसण्याची आपली सवय त्याला फार मदत करते. साबणाने हात धुणे, शिंकताना हाताच्या पंज्याऐवजी कोपराचा आडोसा घेणे आणि प्रत्येकाचे फडके वेगळे ठेवणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

वावडे म्हणजे काय?

आपल्या शरीरात शत्रूशी लढणारी एक यंत्रणा असते. काहींच्या बाबतीत ही यंत्रणा धूळ, परागकण, बुरशी अशा निरुपद्रवी वस्तूंनाही शत्रू समजते आणि लढाई पुकारते. या लढाईत हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. त्यामुळे नाकाला खाज सुटते, पाणी वाहते आणि शिंकांची सरबत्ती सुरू होते. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली स्वतःच्याच या विकाराचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ साली दाखवून दिले की दोष परागकणांचा आहे. "अ‍ॅलर्जी" हा शब्द मात्र १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला.

आपल्याकडे परागकणांचा विषय निघाला की गाजर गवताचा उल्लेख करावाच लागतो. काँग्रेस गवत म्हणूनही ते ओळखले जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. आज रेल्वेच्या कडेला, पडीक जागेत, शेताच्या बांधावर, वस्तीच्या मोकळ्या मैदानात ते सर्वत्र माजले आहे. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज सुटते व चट्टे उठतात आणि त्याच्या परागकणांनी नाक व छाती बिघडते. पांढरी फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. उपटताना हातमोजे घालावेत, नाका-तोंडाला फडके बांधावे आणि ज्यांना वावडे आहे त्यांनी या कामापासून दूरच राहावे. वस्तीतील तरुण मंडळींनी पावसाळ्याच्या सुरुवातीस एक रविवार या कामाला दिला, तर त्याचा लाभ साऱ्या वस्तीला होईल.

परंतु सर्वच वावडी बाहेरून येत नाहीत. बारमाही शिंका येणाऱ्यांचा शत्रू बहुधा घरातच असतो. गादी, उशी, गोधडी यांत डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात. आपल्या कातडीचा गळणारा कोंडा हे त्यांचे अन्न. या किड्यांमुळे वावडे होते, हे १९६० च्या दशकात हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिले. त्यांच्या जोडीला झुरळे, ओल आलेल्या भिंतीवरची काळी बुरशी आणि पाळीव प्राण्यांच्या अंगावरचा कोंडा आहेच. धूर हे खरे पाहता वावडे नव्हे, पण चुलीचा, विडीचा, अगरबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर आधीच हुळहुळ्या झालेल्या नाकाला आणखी चिडवतो.

दोहोंतला फरक कसा ओळखावा?

यासाठी यंत्राची गरज नाही. पुढील प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.

१) किती दिवस झाले? पडसे दोन-तीन दिवस चढते आणि सात ते दहा दिवसांत उतरते. खोकला मात्र कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. वावड्याचा त्रास कारण समोर असेपर्यंत, म्हणजे आठवडेच्या आठवडे चालतो.

२) ताप, अंगदुखी, घसादुखी आहे काय? असल्यास पडसे किंवा फ्लूसारखा संसर्ग समजावा. नुसत्या वावड्याने ताप येत नाही.

३) खाज आहे काय? नाक, डोळे आणि टाळू यांना खाज सुटणे, डोळ्यांना पाणी येणे, सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक आठ-दहा शिंका येणे ही वावड्याची ओळख आहे.

४) घरात आणखी कोणाला आहे काय? पडसे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वावडे लागट नसते, परंतु त्याची प्रवृत्ती आई-वडिलांकडून मुलांत येऊ शकते. घरात दमा किंवा इसब असल्यास संशय वाढतो.

५) ठरावीक वेळी किंवा जागीच होते काय? झाडू मारताना, मळणीच्या वेळी, जिनिंगमध्ये कामावर गेल्यावर, जुनी ट्रंक उघडल्यावर त्रास होत असेल, तर उत्तर तेथेच सापडते. एका वहीत महिनाभर नोंद ठेवावी. डॉक्टरांनाही तिचा फार उपयोग होतो.

पडशात घरी काय करावे?

पडसे बरे करणारे औषध अजून निघालेले नाही. औषध घेतल्यास सर्दी सात दिवसांत जाते आणि न घेतल्यास आठवड्याने, असे गमतीने म्हणतात, ते खरेच आहे. आपण जे काही करतो ते शरीर आपले काम करीत असताना त्रास कमी व्हावा म्हणून.

शक्य तेवढी विश्रांती घ्यावी. कोमट पाणी, पेज, डाळीचे पाणी, कुळथाचे माडगे, गरम रस्सा असे पातळ पदार्थ वारंवार घ्यावेत. आले, तुळस किंवा गवती चहा घातलेला काढा घशाला आराम देतो. हळद-दूध घेण्यासही हरकत नाही. यांनी विषाणू मरत नाही, पण बरे वाटते आणि पैसेही वाचतात. केळी, दही, भात "थंड" म्हणून बंद करण्याची मात्र गरज नाही. आजारी मुलाचे खाणे तोडल्याने ते अधिक अशक्त होते.

घसा दुखत असल्यास ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्यासारखा सोपा उपाय नाही. पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, ग्लासभर पाण्यास पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे आणि स्वच्छ ड्रॉपरने थेंब टाकावेत किंवा जलनेतीच्या भांड्याने नाक धुवावे. हे पाणी रोज ताजे करावे. नळाचे, विहिरीचे कच्चे पाणी कधीही नाकात घेऊ नये. अशा पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो आणि तो रोग बहुधा प्राणघातक ठरतो. नाक शिंकरतानाही एका वेळी एकच नाकपुडी हळू शिंकरावी. जोर लावल्यास शेंबूड कानाच्या नळीत जातो.

वाफाऱ्याने तात्पुरते मोकळे वाटते, मात्र त्याने पडशाचे दिवस कमी होत नाहीत. उकळते पातेले मांडीवर किंवा खाटेवर ठेवून वाफ घेताना भाजल्याच्या घटना दरवर्षी घडतात. मोठ्यांनी घ्यायचीच असेल तर पातेले जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर ठेवावे. लहान मुलांना वाफारा देऊच नये.

ताप व अंगदुखी असल्यास पॅरासिटामॉल पुरते. बाजारातील सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ते असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊन मात्रा दुप्पट होऊ देऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. नाक तत्काळ उघडणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. पुढे त्याच थेंबांनी नाक अधिक चोंदते आणि माणूस त्या बाटलीचा कायमचा बांधील होतो. अशी बाटली उशाशी घेऊन झोपणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

प्रतिजैविकांचा हव्यास नको

"डॉक्टर, चांगली पॉवरफुल गोळी द्या," ही मागणी आपल्याकडे नेहमीची झाली आहे. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, जिवाणूंना मारते. विषाणूंवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. सर्दी विषाणूंची आणि गोळी जिवाणूंची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच झाले. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक लागतेच, हाही गैरसमज आहे. साध्या पडशातही चौथ्या-पाचव्या दिवशी तसा रंग येतो.

एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्यापूर्वी, १९२१ साली, स्वतःला सर्दी झाली असताना आपल्याच नाकातला स्राव तपासला आणि त्यात जिवाणू विरघळवणारे लायसोझाइम हे द्रव्य त्यांना सापडले. म्हणजे आपण ज्या शेंबडाची किळस करतो, तो शरीराचा पहारेकरीच आहे. याच फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतील. तो इशारा आज खरा ठरला आहे. सर्दीसाठी दोन दिवस खाऊन टाकून दिलेल्या गोळ्यांची किंमत उद्या न्यूमोनिया किंवा बाळंतपणातील जंतुसंसर्गाच्या वेळी आपल्यालाच चुकवावी लागते. त्या वेळी औषध असते, पण लागू पडत नाही. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांना शेड्यूल एच-१ चा नियम लागू झाला असून ती देताना दुकानदाराने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करणे बंधनकारक आहे. चिठ्ठीशिवाय मागू नये आणि मिळाली तरी घेऊ नये.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी

एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोट चाटवू नये. मधातील विशिष्ट जंतूंमुळे तान्ह्या बाळाला क्वचित गंभीर विषबाधा होते. एक वर्षावरील मुलाला रात्री अर्धा चमचा मध दिल्यास खोकला हलका होतो. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नये आणि कापूर असलेले मलम दोन वर्षांखालील बाळाला लावू नये. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येतात. बाळंतिणीच्या खोलीत धुरी करण्याची चालही बाळाच्या छातीसाठी वाईटच. अंगावरचे दूध मात्र सर्दीत मुळीच तोडू नये. नाक चोंदल्याने बाळ ओढत नसेल, तर पाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब नाकात टाकावेत.

सर्दी-खोकल्याच्या सिरपबाबत पालकांनी फार सावध राहिले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या दूषित सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. अनेकांवर नागपूरला उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. साधा खोकला म्हणून आणलेली ती बाटली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा लागत नाहीत. शेजारणीच्या मुलाला गुण आला म्हणून तीच बाटली आपल्या मुलाला पाजणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

वावड्यावर घरगुती उपाययोजना

येथे पहिला उपाय औषधाचा नसून घराचा आहे. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. गाद्या-उशांनाही वरचेवर ऊन द्यावे. पलंगाखालची रद्दी, जुन्या कपड्यांची बोचकी कमी करावीत. भिंतीची गळती काढावी आणि बुरशी नाकाला फडके बांधून पुसून काढावी. खरकटे रात्री उघडे न ठेवल्यास झुरळे कमी होतात. दिवाळीची साफसफाई, पाखडणे, मसाला कुटणे ही कामे ज्याला वावडे आहे त्याच्यावर टाकू नयेत. आपल्याकडे ती बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येतात आणि तिच्या शिंकांकडे कोणी लक्ष देत नाही. एखाद्या वर्षी ही कामे पुरुष मंडळींनी करून पाहावीत. बाहेरून आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत.

एवढ्याने भागले नाही तर औषध आहे. हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी शिंका व खाज थांबतात. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी फार झोप येते. सेटिरिझिनने ती कमी येते, पण काहींना येतेच. लोराटाडिनने आणखी कमी. रिक्षा-ट्रक चालवणारे, यंत्रावर काम करणारे, उंचावर चढणारे यांनी गोळी घेऊन कामावर जाऊ नये. आधी सुटीच्या दिवशी परिणाम पाहावा. वृद्ध पुरुषांना जुन्या गोळ्यांनी लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो.

नेहमी नाक चोंदत असल्यास डॉक्टर स्टिरॉइडचा नाकात मारावयाचा फवारा देतात. "स्टिरॉइड" या शब्दाने घाबरू नये. त्याची मात्रा अल्प असते व ती बहुतांशी नाकापुरतीच राहते. तो रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडून देणारेच अधिक. उलट, दर महिन्याला सर्दीसाठी घेतलेली स्टिरॉइडची सुई किंवा नाव नसलेली पुडी खरी घातक. त्याने तत्काळ आराम पडतो, पण साखर व रक्तदाब वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. कोणते औषध दिले हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तो बजावावा.

दवाखान्यात केव्हा जावे?

घरगुती उपायांना मर्यादा आहेत. पुढील लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

• बाळाच्या श्वासाचा वेग वाढला असेल. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण आहे. मूल शांत असताना घड्याळ समोर ठेवून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. हे प्रत्येक आईला यावे.

• श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, मूल दूध पीत नसेल किंवा गुंगीत असेल.

• ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, किंवा सर्दी उतरत आली असता पुन्हा ताप चढून कपाळ-गाल ठणकू लागले, किंवा कान दुखू लागला.

• छातीत शिट्टीसारखा आवाज, धाप, रात्रीचा खोकला. नाकाच्या वावड्यासोबत दमा अनेकदा असतो. दम्यात पंप हा शेवटचा उपाय नसून पहिला आहे व त्याची सवय लागत नाही.

• खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला. क्षयरोगाची थुंकी-तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयात विनामूल्य आहेत. लाजेपोटी लपवू नये.

गरोदर स्त्रिया, साठीपुढील वृद्ध, मधुमेह, हृदयविकार व दमा असलेले यांनी पडशातही लवकर सल्ला घ्यावा आणि फ्लूच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की, सर्दीत औषधापेक्षा जाण अधिक कामाला येते. पडशाला आठवडाभर धीर द्यावा, वावड्याचे मूळ शोधावे आणि धोक्याची खूण दिसताच एक तासही थांबू नये. घरातील एकाला जरी ही माहिती असली, तरी नको त्या औषधांचा खर्च वाचेल आणि प्रसंगी एखादे लेकरूही वाचेल. वाचकांनी हे पान कपाटात ठेवून न देता घरातील आजी, आई, सून आणि शाळकरी मुले यांना वाचून दाखवावे, ही आमची नम्र विनंती.